ज्ञानूच्या पाण्याची पाळी

एक दिवस पाणी चढायचं आणि एक दिवस चढायचं नाही, असलं नाटक त्या मोटारीनं अवंदा उन्हाळा लागल्यापासून लावलं होतं. बरं, बंद पडायचं तर सरळ बंद पड की! माणूस दुसरी सोय बघतो. पण ही बया आज बटण दाबलं की गच्चीवरच्या टाकीत धो धो पाणी टाकायची, आणि उद्या तेच बटण, तेच बोअर, तोच पाईप, आणि टाकी कोरडी ठणठणीत. पाईप नुसता घूं घूं करायचा आणि जरा वेळानं स्टार्टर खाडकन पडायचा. झुंबरबाई पदर खोचून स्टार्टरच्या पेटीपुढं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मुडदा बशिवला तुझा, तुझं दुखतंय तरी काय?"

आणि ही वेळ यावी कुणाच्या घरात? हंबीररावांच्या! उद्यमनगरात ज्यांचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं, ज्यांना सगळी गल्ली 'वस्ताद' म्हणून हाक मारायची, त्या हंबीररावांच्या घरात. बंद मोटार समोर आली की वस्ताद आधी ती खोलायचे नाहीत. पेचकसाचं टोक मोटारीला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. पाईपला तळहात टेकवला की आतलं दुखणं सांगायचे. गारगोटीकडचे, पन्हाळ्याकडचे लोक त्यांना न्यायला गाडी घेऊन यायचे, आणि वस्ताद परत येताना कुणाच्या तरी शेतातल्या भाजीची पिशवी घेऊन यायचे.

पण ते वस्ताद आता राहिले नव्हते. माणूस समोर बसलेला दिसायचा, धडधाकट दिसायचा, आणि जेवून हात धुतला की विचारायचा, "ताट कवा वाढतीस?" नातवाचं नाव गेलं होतं. पायजम्याची नाडी झुंबरबाई बांधायच्या. डॉक्टरांनी काय ते नाव सांगितलं होतं, पण झुंबरबाई ते तोंडानं उच्चारायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं की आता, जरा इसरत्यात." जरा कसलं! पण बाईचं मन, ते जरा म्हणण्यावरच तग धरून होतं.

मोटारीचं बघायला सम्राट यायचा. वस्तादांच्या हाताखालीच तयार झालेला, आता स्वतःचं दुकान असलेला, दोन पोरांचा बाप. माणूस सोन्यासारखा, पण कामाचा रगाडा एवढा, की आज फोन केला तर उद्या उगवायचा. आणि तो उद्या उगवला की मोटार सुतासारखी सरळ! त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? बोअरमध्ये दोरीला दगड बांधून सोडला, पाणी भरपूर. कपॅसिटर बदलला. टाकीपर्यंतचा पाईप फुंकून काढला. घरामागच्या परड्यात फरशीखाली वालचा खड्डा होता, त्यात चाकानं उघडबंद होणारे दोन वाल. एक ह्या घराच्या टाकीचा, दुसरा शेजारच्या घराकडे जाणारा, त्या बाजूला पुढं डमी मारून पाईप कायमचा बंद केलेला. घरचा वाल सम्राटनं दरवेळी वाकून बघितला, आणि दरवेळी तो उघडाच होता. मधी एकदा तर मोटार जळालीच. ती वर ओढून काढली, नवी तार भरून पुन्हा खाली सोडली. परत तेच.

"काकी, मला लाज वाटाय लागलीया," सम्राट म्हणाला होता. "वस्तादांच्या घरची मोटार, आणि मला घावंना."

पाणी नसलं की झुंबरबाई शेजारच्या बाळाबाईंकडून घागर आणायच्या. आणता आणता एक दिवस पायरीवरून घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. ते कळल्याबरोबर विश्वजित, एकुलता एक मुलगा, पुण्याहून शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन हजर झाला. आल्या आल्या आईचा हात बघितला आणि भडकला.

"हात मोडून घेतलास. आता काय, मान मोडायची वाट बघायची व्हय आम्ही? बास झालं. घराला कुलूप घालायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं."

"आज चढलंय की पाणी. टाकी भरून वाहिली सकाळी."

"आज चढलंय! आणि उद्या?"

झुंबरबाईंनी प्लॅस्टरचा हात पदराखाली घेतला. उद्याचा दिवस मोटारीच्या रुसव्याचा होता, हे त्यांना ठाऊक होतं. "उद्या नको, परवा बघ," त्या हळूच म्हणाल्या.

"मोटारीला वार कळतो का आई? ते काही नाही. उद्या सकाळी मी स्वतः उभा राहतो, सम्राटदादालाही बोलावलंय. माझ्यासमोर पाणी चढलं तर राहा. नाही चढलं तर दुपारी गाडीत बसायचं."

पोरगा वाईट नव्हता हो. पण पुणं म्हणजे काय, हे झुंबरबाईंनी दिवाळीत बघितलं होतं. नळ फिरवला की तिथं पाणी यायचं, आणि हंबीरराव घाबरायचे. "मोटार कुठं हाय? कुणी चालू केली?" करत घरभर फिरायचे. एकदा दार उघडं राहिलं तर मोटार शोधायला बाहेर पडले. वॉचमननं त्यांना पार्किंगमधून हाताला धरून आणलं, तेव्हा ते लहान पोरासारखे रडत होते. "घरला चल, मला घरला न्हे," एवढंच. इथं पाचगावात मात्र त्यांना भिंतीतला पाईप न पाईप ओळखत होता. पहाटे उठून ते एकटे परड्यात जायचे आणि देवाला जास्वंदीची फुलं घेऊन यायचे. तेवढं एक काम त्यांचं त्यांना जमायचं. झुंबरबाई मुद्दाम मागं जात नसत. माणसाचं एवढं तरी त्याच्या हातात राहू दे, असं त्यांना वाटायचं. उद्याचा एक दिवस पाणी चढव, असं त्या अंबाबाईला घातलेल्या नमस्कारात तीनतीनदा म्हणाल्या.

झोप कसली लागते! फटफटायच्या आधीच त्या उठून बसल्या. हंबीरराव परडी घेऊन बाहेर पडले. हवेत गारवा होता, अंगात नुसता बनियन. झुंबरबाई खुंटीवरचा स्वेटर घेऊन मागं गेल्या, आणि आंब्याच्या झाडापाशीच थबकल्या.

हंबीररावांनी परडी बाजूला ठेवली होती. पायानं फरशी सरकवून ते खड्ड्याशी गुडघे टेकून बसले होते. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी वालचं चाक पुसलं, हात पुसले, आणि घरचा वाल फिरवत फिरवत गच्च बंद केला. मग शेजारचा वाल उघडला. त्यावर तळहात ठेवून जरा वेळ थांबले. नाडी न बांधता येणारे हात ते! पण त्या खड्ड्यात त्यांची बोटं जरासुद्धा कापत नव्हती.

"अवो," झुंबरबाई तिथूनच म्हणाल्या. "काय करायलायसा?"

"दिसत न्हाय व्हय? आज पाळी ज्ञानूची."

झुंबरबाईंनी हातातला स्वेटर आंब्याच्या फांदीवर टाकला.

ज्ञानू म्हणजे हंबीररावांचा पाठचा भाऊ. शेजारचं घर त्याचं. बोअर दोघांनी मिळून मारलेलं, मोटार एकच, आणि रानात पाण्याची पाळी असते तशी घरातही पाळी लावलेली. एक दिवस थोरल्याची टाकी, एक दिवस धाकट्याची. पुढं बांधावरून दोघांचं वाजलं. भाऊ भावाशी बोलेना, जावा एकमेकींकडं बघेनात, सणाचं ताट जायचं बंद झालं. पण पाळी? पाळी कधी चुकली नाही. ज्ञानूच्या दिवशी हंबीरराव पहाटे उठून आपला वाल बंद करायचे आणि त्याचा उघडायचे. ज्ञानूही तसंच करायचा. बोलणं बंद, पाणी चालू. भांडण मिटायच्या आधीच ज्ञानू छातीत कळ येऊन गेला. त्याच्या बायकोनं घर बाळाबाईंना विकलं, त्यांनी ग्रामपंचायतीचा वेगळा नळ घेतला, आणि त्या बाजूच्या पाईपला डमी मारली ती हंबीररावांनीच. मारताना ते ढसाढसा रडले होते. ती डमी ते आता विसरले होते. ज्ञानूचं मरणही विसरले होते. पाळी तेवढी लक्षात राहिली होती.

म्हणजे एक दिवस त्याचा आणि एक दिवस आपला! म्हणून एक दिवस चढायचं आणि एक दिवस नाही! बंद पाईपात पाणी कोंडायचं, मोटार तापायची, आणि दुसऱ्या दिवशी सम्राट यायच्या आत हेच पुन्हा आपला वाल उघडून ठेवायचे.

"ज्ञानू भावजी..." त्या म्हणाल्या. भाऊ मेलाय म्हणून ह्या माणसाला पुन्हा एकदा सांगायचं? "भावजी रानाकडं गेल्यात," त्या म्हणाल्या.

"येऊ दे की. तवर टाकी भरंल त्येची." हंबीररावांनी परडी उचलली आणि जास्वंदीकडं गेले.

झुंबरबाई खड्ड्याशी बसल्या. आता एकच करायचं होतं, वाल उघडायचा आणि गप्प राहायचं. मग काय, रोज आपण त्यांच्या मागून यायचं, त्यांनी बंद केलेलं उघडायचं, कुणाला काही कळायचं कारण नाही. इथंच राहता येईल. त्यांनी उजव्या हातानं चाक धरलं. हलेना. पदर गुंडाळून धरलं. दात खाल्ले. प्लॅस्टरचा हात लावला तर डोळ्यापुढं काजवे चमकले. हो, वस्तादांनी बंद केलेला वाल तो! एकहाती बाईला कुठला फिरतोय? "उघड की रं बाबा," त्या वालला म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या." दारात सम्राटची मोटारसायकल वाजली. झुंबरबाईंनी घाईनं फरशी सरकवली आणि उठल्या.

विश्वजितनं तोंडातला ब्रश न काढताच स्टार्टरचं बटण दाबलं. पाईप घूं घूं करायला लागला. गच्चीवरच्या टाकीत टिपूस नाही. सगळे मान वर करून उभे, आणि खाडकन स्टार्टर पडला.

"बघितलंस आई?" विश्वजित म्हणाला.

सम्राट डोकं खाजवत उभा राहिला. हंबीरराव फुलांची परडी घेऊन कडेला उभे होते, गंमत बघायला आलेल्या पावण्यासारखे. सम्राटच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. बहुतेक जुना मान द्यायचा म्हणून असेल. तो म्हणाला, "वस्ताद, माझं डोकं चालंना. तुमीच जरा हात लावून बघा की."

"नको!" झुंबरबाई एकदम म्हणाल्या. "त्यास्नी कशाला तरास?"

पण वस्तादांनी परडी खाली ठेवली होती. "लाव परत," ते म्हणाले, आणि तो आवाज दुकानातला होता. सम्राटनं बटण दाबलं. हंबीररावांनी बोअरच्या तोंडाशी पाईपला तळहात लावला आणि डोळे मिटले. "बंद कर," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मोटार निरोगी हाय. पाणी वर आलंय आणि कोंडलंय. वाल बंद हाय तुझा."

सम्राटनं फरशी उचलली. घरचा वाल बंद, शेजारचा उघडा. तो बघतच राहिला. "मागल्या खेपेला तर उघडा हुता! हे कुणी केलं?"

"बाहेरचा कोण येतंय परड्यात?" हंबीरराव म्हणाले. "घरातलाच माणूस हाय. मागली मोटार बी त्यानंच जाळली असणार."

विश्वजितनं आईकडं बघितलं. तिच्या उजव्या तळव्याला गंज लागला होता, पदरालाही, आणि हंबीररावांच्या खांद्यावरच्या टॉवेलालाही. तिचे डोळे भरले होते आणि ती मान हलवत होती, नको, नको. पोराला सगळं कळलं. "आण्णा, अहो तुम्हीच..." तो बोलायला लागला तशी झुंबरबाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला आणि थांबला.

सम्राटलाही कळलं होतं. तो खड्ड्यात वाकला, उगाचच वाल चाचपत राहिला, आणि तोंड न दाखवता म्हणाला, "काकी, सोपं हाय. चाकच काढून टाकतो मी. मग कोण फिरीवतंय? ऱ्हावा तुमी निवांत."

झुंबरबाईंच्या जिवात जीव आला. व्हय की! एवढंसं चाक, काढून टाकलं की झालं. त्या काही बोलणार, तेवढ्यात हंबीरराव हसले. जुन्या दिवसांत कच्च्या गड्यांना हसायचे तसे.

"चाक काढून काय हुतंय? पान्यानं फिरवंल तो. ह्यो साधा माणूस न्हाय, मोटारीतला हाय. हात बघ त्येचा, कसा गच्च बसवलाय वाल. पाना लपीवलास तर स्टार्टर खोलंल. वल्या हातानं वायर धरंल आणि जागच्या जागी चिकटंल." त्यांनी मान हलवली. "तसल्या माणसाला मोटारीपाशी ठेवू नका."

बाळाबाईंच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग काय करायचं आण्णा त्या माणसाचं?" विश्वजितनं विचारलं.

हंबीरराव विचारात पडले. मोठा सवाल विचारल्यासारखे खाली बघत राहिले. "वराडू नका त्येच्यावर," ते म्हणाले. "त्येला ठावं नसंल. म्हातारं असंल तर काय करणार बिचारं? लांब न्हेऊन ठेवा. पर एकटं ठेवू नका." आणि मग झुंबरबाईंकडं वळून म्हणाले, "ताट वाढतीस न्हवं? भूक लागली."

झुंबरबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला डोकं टेकून रडल्या. हुंदका दाबला नाही. कशाला दाबायचा? ज्या माणसाचा शब्द मोटारीच्या बाबतीत कधी खोटा पडला नाही, त्यानंच निकाल दिला होता. चाकावर भागलं असतं तर त्या पोराशी भांडल्या असत्या, सुनेशी भांडल्या असत्या. पण ओल्या हाताचं त्या ऐकूनच गार झाल्या होत्या. विश्वजित मागून येऊन उभा राहिला. त्याच म्हणाल्या, "बॅगा काढ माळ्यावरच्या. आणि त्यांच्यापुढं पुण्याचं नाव काढू नगंस. मी सांगते काय सांगायचं ते."

दुपारी बॅगा गाडीत ठेवल्या. विश्वजितनं मोटारीचा मेन स्विच बंद केला. सम्राट जेवायलाही न थांबता गेला होता. जाताना वस्तादांच्या पाया पडला, आणि घरचा वाल उघडून, शेजारचा बंद करून, दोन्हींना तेल घालून गेला. झुंबरबाईंनी देवापुढची फुलं तशीच ठेवली. कुलूप घालायच्या आधी त्या एकट्याच परड्यात गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत. विश्वजितला वाटलं, रडत बसली असेल. त्यानं हाक मारली नाही.

इकडं हंबीरराव गाडीच्या दारात अडून उभे. एक पाय आत, एक बाहेर, काही केल्या बसेनात. विश्वजितनं खांद्याला धरून बघितलं, विनवून बघितलं. "पाणी सोडलंय," ते म्हणत होते, "पाणी सोडून कुठं जायचं?"

झुंबरबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांना बघून हंबीररावांनी विचारलं, "आज पाळी कुणाची?"

"ज्ञानू भावजींची."

"त्येचा वाल खोललास?"

"आत्ताच खोलून आले."

"आणि आपला?"

"बंद केलाय."

"गच्च?"

"गच्च," झुंबरबाई म्हणाल्या. हाताला तेल लागलेलं होतं, ते त्यांनी पुढं करून दाखवलं.

हंबीररावांनी तो हात हातात घेऊन नीट बघितला. मग त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला आणि सीटवर ऐसपैस बसले. "मग चला की," ते म्हणाले. "त्येची टाकी भरंस्तवर येऊ जाऊन."